गर्टी नावाची डायनासोर आणि चित्रांना मिळालेला स्वभाव

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या मोठ्या शहरांत करमणुकीचे तीन धंदे एकमेकांच्या शेजारी भरभराटीला आले होते. रविवारच्या रंगीत पुरवण्या काढून लाखो वाचक मिळवणारी वृत्तपत्रे हा पहिला धंदा. गायन, नकला, जादू, कसरती आणि शिकवलेल्या जनावरांचे खेळ एकाच तिकिटात दाखवणारी ‘व्होडविल’ नावाची रंगमंचीय मेजवानी हा दुसरा. आणि अजून चाचपडत असलेला, पण रोज नवे प्रेक्षक ओढणारा मूक चित्रपट हा तिसरा. या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी वावर असणारी माणसे थोडी होती, आणि त्या थोड्यांमध्ये विन्सर मॅके हे नाव सर्वांत ठळक होते. 8 फेब्रुवारी 1914 रोजी शिकागोतील एका नाट्यगृहात त्यांनी आपल्या हाताने रेखाटलेली एक डायनासोर पडद्यावर आणली आणि स्वतः रंगमंचावर उभे राहून तिच्याशी संवाद साधला. ‘गर्टी द डायनासोर’ हा तो लघुपट. तो जगातला पहिला चलत्चित्रपट, म्हणजे हलत्या रेखाचित्रांचा चित्रपट, होता असे अनेक ठिकाणी छापले जाते, ते बरोबर नाही; परंतु रेखाटलेल्या प्राण्याला स्वतःची मर्जी, लाज, राग आणि हट्ट असू शकतो हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी कृती त्याआधी झाली नव्हती, आणि या लघुपटाचे खरे महत्त्व तिथेच आहे.

चित्रे हलवण्याचा विचार मॅके यांच्या आधीपासून सुरू होता. एकमेकांपासून किंचित वेगळी असणारी चित्रे डोळ्यांसमोरून भराभर गेली, तर मेंदू त्यांना वेगवेगळी न समजता एकच हालचाल समजतो, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकातल्या खेळण्यांनी घरोघर पोहोचवले होते. चित्रपटाचा कॅमेरा आल्यावर तेच तत्त्व फिल्मवर उतरवणे शक्य झाले: एक चित्र कॅमेऱ्यासमोर ठेवायचे, फिल्मची एक चौकट टिपायची, चित्र बदलायचे, पुढची चौकट टिपायची. जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन यांनी 1906 साली फळ्यावरच्या खडूच्या चेहऱ्यांना अशा रीतीने हसवले आणि डोळे मिचकवायला लावले. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी 1908 साली ‘फँटास्मागोरी’ या लघुपटात काड्यांसारख्या रेषांच्या माणसाला एका रूपातून दुसऱ्या रूपात वितळत नेले. या दोघांच्या कामात चमत्कार होता, कल्पनाशक्ती होती, पण त्या आकृत्यांना आतून काही वाटते आहे असा भास मात्र नव्हता.

या आरंभकाळातील बरीच माणसे रंगमंचावरच्या जादूच्या आणि हातचलाखीच्या परंपरेतून सिनेमाकडे आली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ब्लॅक्टन हे रंगमंचावर झटपट चित्रे काढून दाखवणारे कलावंत होते, फ्रान्सचे जॉर्ज मेलिएस हे जादूगार होते, आणि ‘प्रोफेसर केळफा’ असे आपलेच आडनाव उलटे करून जादूचे प्रयोग करणारे दादासाहेब फाळके हेही त्याच वाटेने आले. फाळके यांनी 1912 साली कुंडीत वाटाणा पेरून, त्याच्या अंकुराच्या वाढीची एकेक चौकट ठरावीक अंतराने टिपून जो छोटा चित्रपट तयार केला, तो याच एकेक चौकटीच्या तंत्राचा भारतातील आरंभीचा नमुना होय. पुढे 1915 साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यापेटीतल्या काड्यांना जिवंत केले. मॅके आणि फाळके यांचा परस्परांशी काहीही संबंध आला नाही. तरीही न्यूयॉर्क आणि दादर येथे जवळपास एकाच वेळी निर्जीव वस्तूंत जीव ओतण्याची खटपट चालू होती, हे त्या काळाच्या ओढीचे लक्षण मानावे लागते.

मॅके यांची तयारी विशेष प्रकारची होती. तरुणपणी त्यांनी सिनसिनाटी शहरातील ‘डाइम म्युझियम’साठी, म्हणजे दहा सेंटच्या तिकिटात अद्भुत वस्तू आणि विचित्र माणसे दाखवणाऱ्या प्रदर्शनांसाठी, भव्य जाहिरातफलक रंगवले होते. पुढे वृत्तपत्रांत चित्रकार म्हणून नाव झाल्यावर 1903 साली ते न्यूयॉर्कला आले आणि ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या पत्रात रुजू झाले. 15 ऑक्टोबर 1905 पासून तिथे त्यांची ‘लिटल निमो इन स्लंबरलँड’ ही रंगीत चित्रमालिका सुरू झाली, जिच्यात निमो नावाचा मुलगा दर रविवारी स्वप्नांच्या देशात जाई आणि शेवटच्या चौकटीत पलंगावर जागा होई. या मालिकेच्या पानांवर पलंगाचे पाय वाढत जाऊन तो शहराच्या छपरांवरून चालू लागतो आणि प्रत्येक चौकटीत आकार थोडा थोडा बदलतो. वाचकाची नजर एका चौकटीवरून दुसरीवर सरकताच हालचाल घडते. चलत्चित्राचे व्याकरण मॅके कागदावर आधीच लिहीत होते, आणि त्यांना कॅमेऱ्याची गाठ पडणे एवढेच बाकी होते असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

त्यातच 1906 सालापासून ते व्होडविलच्या रंगमंचावरही उतरले. फळ्यावर दोन चेहरे काढून ते वाद्यवृंदाच्या साथीवर बाल्यापासून वार्धक्यापर्यंत वाढवत नेण्याचा त्यांचा खेळ लोकप्रिय झाला. या अनुभवाने त्यांना प्रेक्षकाची नस कळली: लोकांना चित्र आवडते, पण चित्र होताना पाहणे अधिक आवडते. मुलाने घरी आणलेल्या फडफडत्या पानांच्या चित्रपुस्तिका, ज्यांची पाने अंगठ्याने झरझर सोडली की आतले चित्र हलते, पाहून आपल्याला चलत्चित्राची कल्पना सुचली असे मॅके सांगत. त्यांनी निमो आणि त्याच्या सवंगड्यांची सुमारे 4,000 चित्रे काढली, ब्लॅक्टन यांच्या व्हिटाग्राफ कंपनीने त्यांचे चित्रीकरण केले, आणि 1911 साली हा लघुपट पडद्यावर आला. पुढच्याच वर्षी एका झोपलेल्या माणसाचे रक्त पिऊन फुगत जाणाऱ्या डासाची कथा त्यांनी दुसऱ्या लघुपटात सांगितली.

दोन्ही लघुपट गाजले, पण एक अडचण उरली. निमोची पात्रे म्हणजे वेष केलेली खरी मुलेच असावीत आणि डास तारांनी हलवलेला असावा, अशी शंका प्रेक्षकांपैकी अनेकांना येई, अशी तक्रार मॅके स्वतः करीत. चित्र इतके चांगले हलत होते की ते चित्र आहे यावर लोकांचा विश्वास बसेना. या शंकेचे निरसन करण्यासाठी असा प्राणी निवडणे आवश्यक होते, जो कोणत्याही जनावराला वेष चढवून किंवा तारा बांधून दाखवता येणार नाही. पृथ्वीवरून नाहीसा झालेला प्राणी हा त्यावरचा सर्वांत नेमका उपाय होता. डायनासोरबद्दलचे कुतूहल त्या वेळी शिगेला पोहोचलेले होते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये 1905 साली ब्राँटोसॉरसचा प्रचंड सांगाडा उभारला गेला होता आणि त्याला पाहायला गर्दी लोटत होती. हाडे सर्वांनी पाहिली होती. त्या हाडांवर मांस चढवून तो प्राणी चालताना कोणी पाहिला नव्हता. मॅके यांनी ती मोकळी जागा हेरली.

गर्टीच्या निर्मितीचे काम 1913 साली सुरू झाले, आणि ते ज्या पद्धतीने झाले तिच्याकडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण पुढचा सारा वाद त्याच पद्धतीच्या मालकीवरून झाला. मॅके यांनी साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या पातळ तांदुळी कागदावर शाईने चित्रे काढली. त्यांची संख्या 10,000 होती असे ते सांगत. कागद अर्धपारदर्शक असल्याने आधीच्या चित्रावर नवा कागद ठेवून बदल किती करायचा हे दिसे. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यांत फुलीच्या खुणा असत आणि त्या एकमेकींवर तंतोतंत बसवल्या जात, जेणेकरून पडद्यावर चित्र थरथरणार नाही. तरीही एक प्रचंड कष्टाचे काम राहत होते. डोंगर, तळे, खडक आणि झाड ही पार्श्वभूमी गर्टी हलली तरी स्थिर असायची, परंतु पारदर्शक सेल्युलॉइडचा वापर अजून रूढ झालेला नसल्याने ती प्रत्येक कागदावर पुन्हा पुन्हा काढावी लागे. हे काम जॉन फिट्झसिमन्स या शेजारच्या तरुण कलाविद्यार्थ्याने केले. एकच डोंगर हजारो वेळा गिरवणाऱ्या या तरुणाचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत एखाद्या ओळीपुरते येते, पण गर्टीच्या पायाखालची जमीन स्थिर राहिली ती त्याच्या हातामुळे.

मॅके यांनी श्रम वाचवण्याच्या काही युक्त्याही काढल्या. हालचालीची सुरुवात, शेवट आणि मध्य अशा मुख्य मुद्रा आधी काढायच्या आणि मग त्यांच्या मधल्या जागा भरत जायच्या, ही त्यांची रीत होती. हाताने चित्रे काढणाऱ्या चलत्चित्र स्टुडिओंत मुख्य चित्रकार मोक्याची चित्रे काढतो आणि साहाय्यक मधली भरतो, ती विभागणी याच रीतीची वारस आहे. श्वास घेणे किंवा डोलणे अशी आवर्ती हालचाल असेल तर त्याच चित्रांचे चक्र पुन्हा पुन्हा वापरायचे, हीही कल्पना त्यांनी पद्धतशीरपणे राबवली. पण त्यांचा जीव युक्त्यांपेक्षा निरीक्षणात होता. गर्टीच्या श्वासाला किती वेळ लागावा हे ठरवण्यासाठी त्यांनी घड्याळ लावून स्वतःचा श्वास मोजला. ती झाड उपटते तेव्हा मुळांची माती गळते, पाणी पिते तेव्हा ओठांतून थेंब ओघळतात, उभी राहते तेव्हा तिचे पोट हलकेच वरखाली होत राहते. त्या काळच्या इतर चलत्चित्रांतली पात्रे कागदाच्या पुड्यासारखी हलकी वाटतात. गर्टी चालते तेव्हा तिचे वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाताना दिसते.

रंगमंचावरचा खेळ असा होता. मॅके हातात चाबूक घेऊन, शिकवलेल्या जनावराचा मालक असल्याच्या थाटात पडद्याशेजारी उभे राहत आणि गर्टीला हाक मारीत. ती आधी खडकाआडून डोकावे, मग बुजत बुजत पुढे येई, वाटेत एक दगड गिळी, एक आख्खे झाड खाई आणि मगच लोकांना वाकून नमस्कार करी. मालकाने डावा पाय उचल म्हटले की ती उचले, उजवा म्हटले की तोही उचले. पण दरम्यान तळ्यात एक समुद्री नाग वर आला की तिचे लक्ष तिकडे जाई आणि आज्ञा विसरली जाई. मालक रागावला की ती रडू लागे, आणि तिची समजूत काढण्यासाठी तो सफरचंद फेके. पुठ्ठ्याचे सफरचंद प्रत्यक्षात त्याच्या खिशात जाई आणि त्याच क्षणी पडद्यावर गर्टी ते तोंडात झेली. जंबो नावाचा केसाळ हत्ती, म्हणजे मॅमथ, समोरून गेला की ती त्याला शेपटीने धरून तळ्यात भिरकावी. मग तहान लागून सारे तळेच पिऊन टाकी. शेवटी मॅके पडद्यामागे जात आणि पडद्यावर चित्ररूपाने प्रकट होत. गर्टी त्यांना अलगद उचलून पाठीवर घेई आणि दोघेही निघून जात.

आपल्याकडे दारोदार येणाऱ्या नंदीबैलाची आठवण इथे येणे स्वाभाविक आहे, कारण खेळाची रचना तीच आहे: मालक विचारतो, जनावर मान डोलावते, आणि पाहणारे त्या संवादावर विश्वास ठेवतात. फरक एवढाच की नंदीबैल ऐकतो म्हणून कौतुकाचा होतो आणि गर्टी ऐकत नाही म्हणून. तिच्या अवज्ञेतूनच तिला मन आहे हे सिद्ध होत होते. चित्राने आज्ञा पाळणे यात आश्चर्य नाही, ते चित्रकाराच्याच हातचे असते. पण चित्राने आज्ञा मोडली, लक्ष विचलित होऊ दिले, रागे भरल्यावर अश्रू ढाळले आणि मग खाऊ मिळताच ते विसरून गेले, तर प्रेक्षक चित्रकाराला विसरतो आणि त्या प्राण्याच्या बाजूने विचार करू लागतो. ब्लॅक्टन यांच्या खडूच्या चेहऱ्यांना किंवा कोल यांच्या रेषांना जे साधले नव्हते, ते मॅके यांनी एका हट्टी, लाडावलेल्या पोरीचा स्वभाव डायनासोरला देऊन साधले. चलत्चित्रात पात्राच्या हालचालीतून त्याचा स्वभाव प्रकट करण्याच्या या कलेला पुढे ‘व्यक्तिरेखा चलत्चित्रण’ म्हणता येईल असे स्वतंत्र शास्त्र मिळाले. त्याचा पाया इथे घातला गेला.

या यशाने सर्वाधिक अस्वस्थ झाले ते मॅके यांचे मालक. 1911 पासून मॅके हे वृत्तपत्रसम्राट विल्यम रॅन्डॉल्फ हर्स्ट यांच्या नोकरीत होते, आणि भरपूर पगार देऊन घेतलेल्या चित्रकाराने संध्याकाळी नाट्यगृहांत रमावे हे हर्स्ट यांना मान्य नव्हते. त्यांनी कराराचा आधार घेऊन मॅके यांचे रंगमंचावरचे प्रयोग कमी कमी करत नेले आणि त्यांना अग्रलेखांसोबतची गंभीर व्यंगचित्रे काढण्याच्या कामाला जुंपले. स्वप्नांच्या देशाचा हा कर्ता पुढची कित्येक वर्षे दुसऱ्यांच्या मतांना चित्ररूप देत बसला, ही त्या काळच्या वृत्तपत्रसृष्टीने केलेली फार मोठी नासाडी होय.

रंगमंच आखडला तरी गर्टी मात्र फिरत राहिली. 1914 च्या नोव्हेंबरात निर्माते विल्यम फॉक्स यांनी हा लघुपट चित्रपटगृहांसाठी मागितला. मालकाशिवाय गर्टीचा खेळ कसा समजणार हा प्रश्न मॅके यांनी दोन प्रकारे सोडवला: मालकाच्या आज्ञा अक्षरपाट्यांवर आल्या, आणि आरंभी माणसांचा एक प्रसंग जोडला गेला. त्यात मॅके आणि ‘ब्रिंगिंग अप फादर’ या चित्रमालिकेचे कर्ते जॉर्ज मॅकमॅनस मित्रांसह मोटारीतून जात असता म्युझियमसमोर चाक पंक्चर होते. आत ब्राँटोसॉरसचा सांगाडा पाहून आपण याला जिवंत करून दाखवू अशी पैज मॅके रात्रीच्या जेवणावर लावतात. डिसेंबर 1914 च्या अखेरीस प्रदर्शित झालेली ही आवृत्ती आजचे प्रेक्षक पाहतात. तिच्यात गर्टी तीच असली तरी जिवंत माणूस आणि चित्र यांच्यातला संवाद मात्र हरवला आहे.

दरम्यान, गर्टीचे काम चालू असतानाच, 1913 साली एक घटना घडली होती. जॉन रॅन्डॉल्फ ब्रे नावाचे व्यंगचित्रकार, आपण चलत्चित्रावर लेख लिहीत आहोत असे सांगून, मॅके यांच्याकडे आले. मॅके यांनी काहीही हातचे न राखता सारी पद्धत त्यांना दाखवली. आपली युक्ती लपवावी असे त्यांना वाटलेच नाही; ही कला जितके लोक करतील तितकी ती वाढेल, असा त्यांचा विश्वास होता. ब्रे यांनी मात्र चलत्चित्र बनवण्याच्या पद्धतींवर पेटंटे मिळवण्याचा सपाटा लावला आणि पुढे मॅके यांच्यावरच हक्कभंगाचा दावा ठोकला. निकाल मॅके यांच्या बाजूने लागला आणि ब्रे यांच्याकडून त्यांना काही वर्षे मानधनही मिळत राहिले. गर्टीची नक्कल करणारा एक लघुपटही त्या सुमारास निघाला, आणि तो ब्रे यांच्याच स्टुडिओचा असावा असे मानले जाते. त्यातली डायनासोर दिसते तशीच, पण तिला स्वभाव नाही, आणि दोन्ही लागोपाठ पाहिले की मॅके यांनी नेमके काय केले होते ते चटकन उमगते.

ब्रे यांना केवळ खलनायक ठरवणे मात्र न्याय्य होणार नाही. एका माणसाने वर्षभर राबून दहा-बारा मिनिटांचे काम करायचे, अशा रीतीने धंदा उभा राहू शकत नव्हता हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी कामाची विभागणी केली, ठरलेल्या वेळी ठरलेली रिळे पुरवणारा स्टुडिओ उभारला, आणि अर्ल हर्ड यांच्याशी भागीदारी केली. हर्ड यांनी 1914 च्या अखेरीस पेटंटासाठी मांडलेली कल्पना साधी पण क्रांतिकारक होती: हलणारे पात्र पारदर्शक सेल्युलॉइडच्या तुकड्यावर, म्हणजे ‘सेल’वर, काढायचे आणि ते एकदाच रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून चित्रित करायचे. फिट्झसिमन्स यांनी हजारो वेळा गिरवलेला डोंगर आता एकदाच काढला की पुरे झाले. ब्रे-हर्ड यांच्या पेटंटांचा वापर करणाऱ्या स्टुडिओंना 1932 पर्यंत परवाना शुल्क भरावे लागे. ब्रे यांच्याकडेच मॅक्स फ्लायशर, पॉल टेरी आणि वॉल्टर लँट्झ यांच्यासारखे पुढचे मोठे निर्माते कामाला होते. त्यामुळे अमेरिकन चलत्चित्र उद्योगाचा आर्थिक पाया ब्रे यांनी घातला हे मान्य केलेच पाहिजे.

पण या वेगाची किंमतही मोजावी लागली. 1915 नंतरच्या दशकात दर आठवड्याला पुरवायच्या रिळांमध्ये पात्रे धावत, आपटत, चपटी होत आणि पुन्हा उठत. गर्टीसारखे थबकून विचार करणारे, लाजणारे पात्र क्वचितच दिसे. उद्योगाने मॅके यांची पद्धत घेतली आणि निरीक्षण मागे ठेवले. स्वतः मॅके यांनी थोडेच लघुपट पुढे केले. त्यांतला ‘द सिंकिंग ऑफ द लुसिटानिया’ 1918 साली आला. 7 मे 1915 रोजी जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या प्रवासी जहाजाची ही कहाणी, जिच्यात 1,198 माणसे प्राणास मुकली होती, त्यांनी सुमारे 25,000 चित्रांतून आणि या वेळी सेलचा वापर करून सांगितली. गर्टीलाही त्यांनी 1921 च्या सुमारास परत आणायचे मनावर घेतले, पण त्यातला ट्रामगाडीशी खेळणाऱ्या गर्टीचा एक तुकडाच आज उरला आहे. 1927 साली न्यूयॉर्कच्या चलत्चित्रकारांनी त्यांच्या सन्मानार्थ भोजन दिले, तेव्हा आपण या मंडळींच्या हाती कला म्हणून जे दिले त्याचा त्यांनी धंदा करून टाकला, अशी खंत त्यांनी त्यांच्यासमोरच बोलून दाखवली. उपस्थितांत त्या काळचे बहुतेक नामवंत होते, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी गर्टी पाहूनच हा पेशा धरला होता. 26 जुलै 1934 रोजी मॅके यांचे निधन झाले.

मॅके यांची 1927 सालची ती खंत त्या काळापुरती खरी होती. 1930 च्या दशकात वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत ब्रे यांची कारखान्यासारखी कामाची शिस्त आणि मॅके यांचा स्वभावाचा ध्यास हे दोन्ही प्रवाह पहिल्यांदा खऱ्या अर्थाने एकत्र आले. 1933 सालच्या ‘थ्री लिटल पिग्ज’मध्ये तीन डुकरे रूपाने जवळपास सारखी असूनही केवळ वागण्याच्या ढंगामुळे वेगळी ओळखू येतात, आणि 1937 च्या ‘स्नो व्हाइट’ने ही कला पूर्ण लांबीच्या चित्रपटावर पेलून दाखवली. डिस्ने यांनी हे ऋण उघडपणे मान्य केले. 1955 साली आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात चलत्चित्राचा इतिहास सांगताना त्यांनी गर्टीचा रंगमंचावरचा खेळ पुन्हा उभा केला. तरुणपणी तो खेळ पाहिलेले त्यांचे सहकारी डिक ह्यूमर यांनी त्यासाठी मदत केली. मॅके यांचे चिरंजीव रॉबर्ट तेव्हा स्टुडिओत आले असता, हे सारे वैभव वस्तुतः तुमच्या वडिलांचे असायला हवे होते, अशा अर्थाचे उद्गार डिस्ने यांनी काढल्याचे सांगितले जाते. फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानात 1989 पासून तळ्याकाठी गर्टीच्या आकाराचे आइस्क्रीमचे दुकान उभे आहे.

डिस्नेच्या पलीकडेही तिच्या खुणा सापडतात. बस्टर कीटन यांनी 1923 च्या ‘थ्री एजेस’मध्ये आदिमानवाच्या रूपात डायनासोरच्या पाठीवर बसून प्रवेश केला, तो मॅके यांच्या अखेरच्या प्रसंगाची आठवण करून देणारा आहे. त्याहून खोल परिणाम डोळ्यांना दिसत नाही: चलत्चित्राच्या शाळांत आजही विद्यार्थ्यांना पात्राने कृती करण्याआधी विचार केलेला दिसला पाहिजे, त्याचे वजन जमिनीला कळले पाहिजे, असे शिकवले जाते. संगणकावर बनणाऱ्या चित्रपटांत कागद, सेल आणि शाई यांपैकी काहीही उरलेले नाही, पण मुख्य मुद्रा आणि मधल्या मुद्रा ही मॅके यांची विभागणी संगणकाच्या आज्ञावलीतही तशीच आहे; फक्त मधले भरण्याचे काम आता यंत्राकडे गेले आहे.

ज्या 10,000 चित्रांतून गर्टी घडली त्यांपैकी काही शेच आज अस्तित्वात असल्याचे ज्ञात आहे. बाकीची आग, दमट हवा आणि दुर्लक्ष यांत गेली. त्या काळी फिल्म ज्या नायट्रेटची बने ती सहज पेट घेणारी आणि आपोआप कुजणारी असल्याने मॅके यांच्या रिळांचीही तीच गत होणार होती. 1940 च्या दशकात काही जाणकारांनी ती मिळवून नव्या फिल्मवर उतरवली नसती, तर हा इतिहास केवळ जुन्या जाहिरातींवरून सांगावा लागला असता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1991 साली जपून ठेवण्याच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत गर्टीचा समावेश केला, आणि 2018 साली फ्रान्समधील अ‍ॅनेसी येथील चलत्चित्र महोत्सवात तिचा मूळ रंगमंचीय खेळ नव्याने जुळवून दाखवला गेला.

हा लघुपट आता सार्वजनिक मालकीचा आहे आणि कोणालाही विनामूल्य पाहता येतो. मराठी घरांत मुलांसोबत तो आवर्जून पाहावा. आरंभीचा पैजेचा भाग पुढे सरकवला तरी चालेल, पण मालक रागावल्यावर गर्टी रडते तो क्षण थांबून पाहावा, आणि ती रेषा 1914 सालच्या एका माणसाच्या हातची आहे हे मुलांना सांगावे.